चार नंबरचं नोझल

माघ लागला की चाकणच्या बाजाराला कांद्याचा वास येतो आणि माझ्या तळहातांना डिझेलचा. आता मी पिंपरीला असतो. कारखान्याच्या भोंग्यावर कामाला जातो, भोंग्यावर परततो, आणि निघताना हात साबणानं दोनदा धुतो. तरी माघातल्या एखाद्या सकाळी कांद्याच्या गोण्या रचलेली लॉरी नाशिक रस्त्यानं खाली येताना दिसली, की मी भर रस्त्यात थांबून स्वतःचे हात हुंगतो. लोक बघतात. बघू देत. बायको म्हणते, "सोंगाड्या आहात तुम्ही." आहेच मी. पण हे एवढं सोंग नाही.

तिकडं माघात दोन हंगाम एकदम येतात. एक कांद्याचा, दुसरा बाळंतपणांचा. हसू नका, बोटांवर मोजा. वैशाखात लग्नं लागतात, आणि वैशाखापासून नऊ महिने मोजले की बरोबर माघात येऊन बोट थांबतं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या माघात चाकणच्या प्रसूतिगृहात खाटा होत्या दहा आणि बाया पंधरा. व्हरांड्यात लेकी, पायरीवर त्यांच्या आया, अंगणात सोडलेल्या बैलगाड्या. बैल कडबा चघळत बसलेले. त्यांना मुलगा काय नि मुलगी काय.

आणि या सगळ्या गर्दीत एक म्हातारी मोटार. मूळची परदेशी, कुणा बड्या घरच्या दारातली, पुढं प्रसूतिगृहाला दान आलेली. मागची बैठक काढून तिथं गादी टाकलेली. पेट्रोलचं इंजिन दमलं तेव्हा कुणीतरी तिच्यात चार सिलेंडरांचं डिझेल इंजिन बसवलं होतं. म्हाताऱ्या बाईच्या तोंडात पैलवानाची कवळी बसवावी तसं. ती चालली की सगळं अंग थरथरायचं, पण चालायची. अडलेली बाई कुठल्या वाडीवर असली की हीच गाडी जायची. गावं तिला बाळंतीणगाडी म्हणायची. आणि बाळंतीणगाडीचा वैद्य मी.

मी मूळचा नगरकडचा. देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून हात तयार झाला, आणि मग चाकणला कांदाबाजाराच्या मागं पत्र्याची शेड टाकून बसलो. वर्कशॉपातल्या उस्तादानं मला पेट्रोलच्या गाड्यांवर शिकवलं होतं. त्याचा पहिला धडा असा, की पार्ट कोरडा पुसल्याशिवाय बसवायचा नाही. ओला पार्ट दिसला की मानेवर चापट. घरी आमची आई देवाला अंघोळ घातल्यावर मऊ वस्त्रानं असं पुसायची, की देवाच्या कानामागं थेंब राहू नये. या दोघांनी मिळून मला घडवलं. मी पार्ट पुसायला लागलो की बाजारातले हमाल म्हणायचे, "मिस्त्रीची पूजा चालू झाली, आवाज करू नका रे."

डिझेल मात्र मी ऐकून ऐकून शिकलो. त्या इंजिनात प्रत्येक सिलेंडराच्या डोक्यावर एक नोझल असतं. बोटाएवढी वस्तू, आत एक सुई. पंपानं दाब दिला की सुई उचलते आणि डिझेलचा फवारा सुटतो, थंडीत तोंडातून वाफ निघावी इतका बारीक. नोझल तुंबलं की फवाऱ्याऐवजी धार येते, नाहीतर नुसती लाळ गळते. मग तो सिलेंडर मेला. कुठला मेला ते ओळखायची तऱ्हा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलेंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. मोठ्या कुटुंबात कोण राबतं आणि कोण नुसतं जेवतं, तेही असंच कळतं. एकेकाला चार दिवस पाहुणा पाठवून बघावं.

त्या माघात चोर सापडत होता, पण रोज नवा.

पहिल्यांदा गाडी बंद पडली पौषाच्या शेवटी, मोशीच्या चढाला. एक नंबर मेला होता. मी चारही नोझलं काढली, डिझेलमध्ये धुतली, पितळी तारेनं काजळी खरवडली, पुसली, बसवली. गाडी अशी चालली की चालवणारे गेनूभाऊ सुद्धा हसले. हे गेनूभाऊ चाकणचेच, पन्नाशीचे, मोठं मुंडासं, थोडं बोलणं. आठ दिवसांनी त्यांनी गाडी पुन्हा आणली, काळा धूर सोडत. या खेपेला दोन नंबर. धुतलं, पुसलं, बसवलं. पाच दिवसांनी तीन नंबर. त्यानंतर एक आणि दोन जोडीनं. एकट्या चार नंबरला कधी काही झालं नाही. ते नोझल मागच्या पत्र्याला चिकटून होतं, हात जेमतेम शिरायचा. बसवताना हमखास निसटून खाली पडायचं. मग मी वैतागून ते डिझेलच्या ट्रेमध्ये बुचकळायचो आणि निथळतं तसंच आत खुपसायचो. एकाच नोझलला मी आळशीपणा केला आणि तेच एकटं गुणी निघालं. याचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

इतका वेळ मी हसत हसत सांगतोय, पण त्या दिवसांत मी हसत नव्हतो. भामा नदीच्या पलीकडं, सात मैलांवर, माझी बायको सगुणा माहेरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

माझं लग्नच उशिरा झालं. फिटरला मुलगी द्यायला लोक कचरत. त्या माघाच्या दोन वर्षं आधी आमचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं. माहेराहून चाकणला आणता आणता उशीर झाला, एवढंच. गाडीवान बैलांना मारत होता आणि सगुणा त्याला म्हणत होती, "मारू नका त्यांना." हे मी पाहिलेलं नाही, मला सांगितलेलं आहे. पाहिलेल्या गोष्टी माणूस विसरतो; सांगितलेल्या विसरता येत नाहीत. म्हणून ही दुसरी खेप असूनही सासूबाईंनी तिला पहिलटकरणीसारखं जपायला माहेरी नेलं. मी म्हणालो, चाकणला राहू दे, दवाखाना शेजारी आहे. सासूबाई म्हणाल्या, तिथं तिला ऊन पाणी कोण देणार? तुम्ही? तुमच्या हाताला तर डिझेल. आणि एकदा नदीपलीकडं गेल्यावर त्यांचा नियम कडक होता. सातवा सरल्यावर पोटुशी बाई नदी ओलांडत नाही.

तेव्हा मी अंगणात उभा राहून नाटकातल्या राजासारखा हात वर केला आणि म्हणालो, "मामी, निरोप पोचायचा अवकाश. तासाभरात मोटार दारात उभी करतो. माझ्या हाताखालची गाडी आहे ती!"

शेजारणी पाहत होत्या. मला प्रेक्षक दिसले की जीभ आवरत नाही.

सगुणा माहेरी जायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये आली होती. तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून फडके केले होते, नीट घड्या घालून. "हे घ्या," ती म्हणाली, "गोणपाटानं पुसता, हातांची सालं निघतात. हे मऊ आहे." धुऊन धुऊन ते लुगडं सायीसारखं झालं होतं. मी ते बाकीच्या कामाला वापरलं नाही. बैलगाडीचे धुरे, हमालांच्या ढकलगाड्या, कुणाचा पंप, यांना गोणपाटच. लुगडं फक्त बाळंतीणगाडीच्या नोझलांना. मी मनात म्हणायचो, हिच्या लुगड्यानं पुसतोय, हिच्यासाठीच पुसतोय. आणि सुई न् सुई पुसायचो, कानामागचा थेंबसुद्धा राहू द्यायचो नाही.

माघाचा तो पंधरवडा आठवला की मला आवाज आठवतात. बाजारात कांदे ओतल्याचा खडखडाट. वजनकाट्याची साखळी. आणि या सगळ्यांतून वेगळा काढलेला एक आवाज, लांबून येणाऱ्या त्या गाडीचा. जेवताना घास हातात धरून मी ऐकायचो. चार ठोके नीट पडताहेत की एक गाळला जातोय? टक-टक-टक-टक असेल तर घास तोंडात जायचा. टक-टक-टक, मग एक खड्डा, मग पुन्हा टक, असं ऐकू आलं की ताट सरकवायचो. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की मी शेडच्या दाराशी धावायचो, कारण निरोप सायकलवरूनच यायचा होता.

मी चोर शोधत होतो. डिझेलचं पिंप पालथं केलं, तळाला गाळ सापडला, आनंदानं ओरडलो. पिंप बदललं. पाच दिवसांनी गाडी परत. टाकी उतरवली, आत साखळी टाकून दोन हमालांकडून हलवून घेतली, तांबड्या गंजाचं पाणी निघालं, पुन्हा ओरडलो. चार दिवसांनी गाडी परत. फिल्टरमधला लोकरीचा नमदा बदलला. नळ्या फुंकल्या. प्रत्येक वेळी नोझलं काढायची, धुवायची, पुसायची. प्रत्येक वेळी गाडी आधीपेक्षा झोकात जायची, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर परत यायची.

सगळे चोर संपले तेव्हा मी माणसाकडं वळलो. भर बाजारात, हमालांसमोर, म्हणालो, "गेनूभाऊ, खरं सांगा. डिझेलमध्ये रॉकेल कोण मिसळतं?"

गेनूभाऊ पायरीवर बसून तंबाखू मळत होते. मळायचे थांबले.

"मिस्त्री, मोशीच्या चढाला माझी लेक ह्याच गाडीत बाळंत झालीया. मी पुढं बसून गाडी हाकत व्हतो आन् मागं ती वरडत व्हती. त्या गाडीत मी रॉकेल घालंन व्हय?"

"मग नोझलं कशानं तुंबतात?"

"ते मिस्त्रीला ठावं. आमी हाय डायवर." त्यांनी तंबाखू फेकून दिली. तोंडात न टाकता. त्यानंतर ते गाडी आणायचे, किल्ली ठेवायचे आणि माझ्याकडं पाठ करून बसायचे. हमालांनीही माझी थट्टा बंद केली. थट्टा बंद झाली की समजावं, माणूस गावाच्या मनातून उतरला.

मग तो दिवस उजाडला. सकाळचे दहा वाजले असतील. आदल्या संध्याकाळी एक आणि तीन नंबर मेले होते म्हणून गाडी माझ्याच शेडमध्ये होती. चारही नोझलं बाहेर, सुटी करून ट्रेमध्ये. माझं धुऊन झालं होतं आणि हिरव्या फडक्याची घडी मी उलगडत होतो. तेवढ्यात घंटा वाजली. घंटा म्हणजे काय, सायकल खाली पडल्याचा आवाज. माझा मेहुणा महादू, धुळीनं पांढरा.

"दाजी, ताईला पहाटंपासून कळा हायत. सुईण म्हणती, बाळ आडवं हाय. तिच्यानं हुईना. गाडी काढा."

गाडी काढा! तिचं काळीज माझ्या ट्रेमध्ये पडलं होतं.

महादू दवाखान्यात धावला आणि पाच मिनिटांत नर्सबाईंना घेऊन आला. या सुमतीबाई, रत्नागिरीकडच्या, पांढरं पातळ, हातात चामडी पिशवी, आणि डोळे असे की अंधारात सुईत दोरा ओवतील. त्यांनी उघडं इंजिन पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वेळ लागेल हो मिस्त्री?"

"अर्धा तास."

"मी वेळ विचारली. धीर नाही मागितला."

"अर्धा तासच," मी म्हणालो आणि पहिली सुई उचलून पुसायला लागलो. घाई होती, तरी रोजच्यापेक्षा जास्तच पुसत होतो. सुमतीबाई शेजारी उभ्या होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग तो थांबला.

"थांबा. हे काय करताय?"

"पुसतोय."

"कशानं?"

"मऊ आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बोटांतून सुई काढून घेतली आणि उन्हाकडं धरली. "इकडं बघा. दिसतंय?" मला काही दिसलं नाही. त्यांनी सुई किंचित फिरवली. त्या चकाकत्या पोलादावर, पापणीच्या केसाच्याही निम्म्यानं, एक हिरवा तंतू उभा होता. वाऱ्यानं डुलत होता.

"आमच्याकडं जुन्या मऊ कापडानं जखम पुसली ना, तर सूत आत राहतं," सुमतीबाई म्हणाल्या. "वरून जखम स्वच्छ दिसते. आठ दिवसांनी पू. म्हणून आम्ही धुतो आणि सोडून देतो. पुसत नाही."

आठ दिवसांनी. मग पाच. मग चार. जितकं प्रेमानं पुसलं तितकं लवकर. आणि पत्र्याआडचं ते एकटं चार नंबर, जे पुसल्यावरही पडून पुन्हा डिझेलमध्ये बुचकळलं गेलं, जे नेहमी निथळतं आत गेलं, ते एकटं धडधाकट! पिंप निर्दोष होतं, टाकी निर्दोष होती, गेनूभाऊ निर्दोष होते. महिनाभर मी चोराला शोधत हिंडत होतो आणि चोराच्या घड्या घालून उशाशी ठेवत होतो.

रडायला वेळ नव्हता. मी फडका लांब फेकला. एक कोरा डबा घेतला, स्वच्छ डिझेल गाळून ओतलं आणि एकेक सुई त्यात हलवून, निथळती, पाण्यातून मासा काढावा तशी सरळ तिच्या घरात सरकवली. उस्तादाची चापट मानेवर बसल्यासारखी वाटली. बसू दे. नळ्या जोडून नोझलं बाहेरच लोंबती ठेवली आणि हाक मारली, "गेनूभाऊ, हँडल!"

गेनूभाऊ पाठ करून बसले होते. ते वळले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हँडल घालून फिरवू लागले. पहिल्यांदा बुडबुडे आले. मग एक फवारा, दुसरा, तिसरा, चौथा. चारही धुक्यासारखे. उन्हात त्यांच्यात क्षणभर रंग दिसले.

"बसवा," सुमतीबाई म्हणाल्या, "मग बघत राहा."

रस्ता होता कसला, गाडीवाट. गेनूभाऊ चालवत होते, सुमतीबाई आणि महादू मागं, आणि मी बाहेर पायरीवर उभा, कान बॉनेटकडं. टक-टक-टक-टक. कांद्याची वावरं मागं पळत होती, काढणीच्या बाया कंबर सरळ करून पाहत होत्या. मी मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आयुष्यात एवढा मन लावून मी कुठलाही जप केलेला नाही. भामेचं पाणी गुडघाभर होतं, तळाला गोटे. गाडी तिरकी होत, शिंकत, पलीकडं चढली.

सगुणाला चौघींनी धरून गादीवर ठेवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. त्या वेळी बाई फार लांब गेलेली असते. आणि मग सासूबाई गाडीच्या दाराशी आडव्या उभ्या राहिल्या. नदीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अंगण माणसांनी भरलेलं.

"जावईबापू, एकच सांगा. मधी पाण्यात थांबणार न्हाई ना ही?"

प्रेक्षक होते. रंगमंच होता. हात वर करायचाही होता कदाचित. पण माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही, मामी. महिनाभर माझ्याच चुकीनं थांबत होती. आज ती चूक काढलीय. पण माहीत नाही."

सासूबाईंनी पदर खोचला आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "चला," म्हणाल्या. "खरं बोलणाऱ्याच्या गाडीत बसंन मी."

परतीची नदी मला नीट आठवत नाही. पाणी आठवतं, आणि मध्ये एका गोट्यावर चाक घसरलं तेव्हा चारांतला एक ठोका गळला तो आठवतो. एकच. माझ्या छातीतलाही तेवढाच गळला असावा. "न्हाई थांबत ती!" गेनूभाऊ कुणावर तरी ओरडले, बहुधा नदीवर. मग पुन्हा एक, दोन, तीन, चार.

दवाखान्याच्या पायरीवर मी बसून होतो. बैल कडबा चघळत होते. आत सुमतीबाईंचा आवाज, डॉक्टरांचा आवाज, मग बराच वेळ कुणाचाच नाही. बाळ फिरवता आलं, हे मला नंतर सांगितलं. दुपार कलली तेव्हा आतून एक चिरका, रागावलेला, सगळ्या दाबानं सुटलेला आवाज आला.

सुमतीबाई दारात आल्या. हातात एक ओलं, लालबुंद, तोंड वेडंवाकडं केलेलं बाळ. "मुलगी. दोघी बऱ्या आहेत. बघून घ्या, अजून अंघोळ व्हायचीय." मी उठलो, आणि देवाशपथ सांगतो, माझा हात आपोआप खांद्याकडं गेला, फडका शोधायला.

"मिस्त्री!" सुमतीबाई केवढ्यानं ओरडल्या. सगळा व्हरांडा हसला. अडलेल्या बायासुद्धा हसल्या.

ती मुलगी आता सहा वर्षांची आहे. अंघोळ झाली की केस न पुसता घरभर पळते आणि आई तिच्यामागं पंचा घेऊन. मी मध्ये पडत नाही. माझं मत दोघींनाही ठाऊक आहे. बाळंतीणगाडी पुढच्या दोन वर्षांत नोझलसाठी एकदाही माझ्या शेडमध्ये आली नाही. मग तिच्या जागी नवी आली आणि मी पिंपरीला आलो. हिरव्या लुगड्याचे उरलेले फडके सगुणानं शिवून दुपटं केलं. त्या कामाला ते सूत उत्तम.

पण माघ आला की मला मुलगी आधी आठवत नाही. आठवते ती त्या दुपारची पायरी. बाळाला आत नेलं होतं. गेनूभाऊ येऊन माझ्या शेजारी बसले, पाठ करून नाही, खांद्याला खांदा लावून. मला म्हणायचं होतं, गेनूभाऊ, मी तुम्हाला भर बाजारात चोर म्हणालो. शब्द निघेना. इतकी वर्षं बोलत आलेल्या माणसाचं नोझल ऐन वेळी तुंबलं. नुसतं डोळ्यांतून गळायला लागलं.

गेनूभाऊंनी मुंडाशाचा शेव सोडवला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या, पुसा."

"नको गेनूभाऊ," मी म्हणालो. "सूत राहतं."

त्यांनी शेव पुन्हा खोचला. तंबाखू काढली, मळली, आणि या खेपेला अर्धी माझ्या हातावर ठेवली.